सोफा मधोमधच का असतो?

विंगेतून : नेपथ्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लेकीकडे पुण्याला गेले होते तेव्हा बालगंधर्वला एक कौटुंबिक नाटक पाहिलं. घरातून माडीवर जाणारा लाकडी जिना, वर कठडा, खिडकीबाहेर आंब्याची फांदी. फार आवडलं. पुढे तेच नाटक साताऱ्यात आलं म्हणून मैत्रिणींना हौसेनं घेऊन गेले, तर जिना नाही, फांदी नाही, भिंतीसुद्धा दोनच. तिकीट मात्र तेवढंच. ही फसवणूक नाही का?
– एक प्रेक्षक, सातारा

उत्तर : असू शकते, नसूही शकते. सगळं त्या जिन्यावर अवलंबून आहे.

आधी आमच्या धंद्याची अडचण सांगते. मोठ्या शहरांत नाट्यगृहाचा दिवस सकाळ, दुपार, रात्र असा सत्रांत विकला जातो. दुपारच्या नाटकाची मंडळी सेट सोडवत असतात आणि त्याच दारातून रात्रीच्या नाटकाचे फ्लॅट, म्हणजे चौकटीच्या खोट्या भिंती, आत येत असतात. हातात दोन-अडीच तास, माणसं चार-पाच. दौऱ्यावर तर बस मध्यरात्री एक गाव सोडते आणि सकाळी दुसऱ्या गावात उभी असते. त्या बसमध्ये आणि बसच्या टपावर जे मावेल तोच सेट. म्हणून आम्ही उंच फ्लॅट बिजागरी लावून दुमडते करतो, चौथऱ्यांना घडीचे पाय देतो, जिना दोन तुकड्यांत बनवतो. नवं नाटक हातात आलं की दिग्दर्शकाशी बोलून झाल्यावर माझा पुढचा प्रश्न मॅनेजरला असतो : गाडी कोणती आहे?

त्यात गावोगावचे रंगमंच एका मापाचे नाहीत. कुठे रुंदी आहे पण खोली नाही. कुठे विंगेत दोघं उभे राहिले की तिसऱ्याला एंट्री घेता येत नाही. कुठे वरची झालर इतकी खाली बांधलेली, की माडीवर उभ्या नटाचे फक्त पाय दिसावेत. त्यामुळे जाणता नेपथ्यकार सेटचे सुरुवातीलाच दोन भाग करून देतो. एक, ज्याच्यावाचून नाटक होणारच नाही. आणि दुसरा, जागा आणि वेळ असेल तर लावायचा. तुमची आंब्याची फांदी दुसऱ्या भागातली. ती गेली म्हणून मी निर्मात्याला दोष देणार नाही, मलाही ती आवडली असती तरी.

जिन्याचं तसं नाही. पुण्यात तो नुसता शोभेला होता का? की कुणी रागानं वर निघून गेलं, कुणी अर्ध्या पायऱ्यांवर थांबून खालचं बोलणं ऐकलं? हे होत असेल आणि साताऱ्यात नटानं ‘मी वर जातो’ म्हणून सरळ विंगेत पाय टाकला असेल, तर ती फसवणूकच. आधी नटाची, मग तुमची. तालमीत ते वाक्य पाचव्या पायरीवर वळून म्हणायचं ठरलेलं असतं. पायरीच नसेल तर वळायचं कुठे? माझ्या लेखी सेट आधी नटाच्या पायांसाठी असतो, मग प्रेक्षकाच्या डोळ्यांसाठी. तुम्ही निर्मात्याला पत्र लिहा, आणि त्यात फांदीचा उल्लेख करू नका, जिन्याचाच करा. अशी पत्रं येत नाहीत म्हणून जिने गाडीतून उतरवले जातात.

प्रश्न : मराठी नाटकातल्या दिवाणखान्यात सोफा नेहमी मधोमध का असतो? आमच्या ओळखीत कुणाच्याही घरी तो तसा नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला नाटकाचा पास द्यायला हवा.

तुमच्या घरी सोफा भिंतीला लागून असतो, कारण तुमच्या घराला चार भिंती आहेत. आमच्या घराला तीन, आणि चौथीच्या जागी आठशे-हजार माणसं बसलेली. पहिल्या रांगेतल्या अगदी डाव्या टोकाच्या खुर्चीवरून आणि उजव्या टोकाच्या खुर्चीवरून रंगमंचाचा जो भाग दिसतो, त्यात दोघांनाही दिसणारा तुकडा मधलाच. सोफा बाजूच्या भिंतीला लावला तर अर्ध्या नाट्यगृहाला नायिकेचा अंबाडा दिसेल. याच कारणानं आमच्या बाजूच्या भिंती प्रेक्षकांकडे थोड्या फाकलेल्या असतात, जेवणाच्या टेबलाची एक बाजू रिकामी असते आणि टीव्ही कायम तुमच्या डोक्यावर कुठेतरी लावलेला असतो.

दुसरं, सोफ्यामागे वाट लागते. भांडणात एकजण बसलेला आणि दुसरा त्याच्या मागून फेऱ्या मारतोय, हा मराठी नाटकातला निम्मा अभिनय आहे. (बाकीचा निम्मा फोनवर.)

पण मधोमध म्हणजे मोजून मधोमध, प्रेक्षकांना अगदी सरळ तोंड करून, हा निव्वळ आळस. दीड-दोन फूट एका बाजूला सरकवा, थोडा तिरपा करा. दोन्ही टोकांना दिसतोच, आणि उरलेल्या मोठ्या बाजूला उभ्यानं करायच्या प्रसंगांना ऐसपैस जागा मिळते. आतली एक गोष्टही सांगून टाकते. रंगमंचावरच्या सोफ्याच्या गादीखाली बहुधा फळी असते. मऊ सोफ्यात नट रुतला की उठायला वेळ घेतो, आणि विनोदी नाटकात तेवढ्या वेळात हशा विरून जातो.

प्रश्न : मी ७८ वर्षांचा आहे. रंगवलेल्या पडद्यांची नाटकं लहानपणी पाहिली आहेत. पडदा वर गेला की राजवाडा बघूनच टाळी पडायची. आता काळ्या पडद्यापुढे दोन ठोकळे मांडतात आणि जाहिरातीत ‘नेपथ्य’ म्हणून नाव छापतात. या ठोकळ्यांत कला कोणती?
– एक ज्येष्ठ रसिक, कोल्हापूर

उत्तर : काका, कोल्हापूरकरानं हे विचारलं तर मान खाली घालून ऐकावं लागतं. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू तुमच्याच गावचे. १९१०पासून पुढची काही वर्षं संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यातले बाबूराव, म्हणजे बाबूराव पेंटर, पुढे सिनेमाकडे वळले आणि तिथेही त्यांनी नाव काढलं, पण डोळा पडद्यांवरच तयार झाला होता.

तरीही तो पडदा मागे का पडला, याची कारणं पाहिली तर हळहळ थोडी कमी होते. पडद्यावर सावली रंगवलेली असते. खांबाची, कमानीची, झाडाची. त्या काळचा उजेड समोरून आणि सपाट, त्यामुळे रंगवलेली सावली खरी वाटायची. विजेचे झोत आले, ते वरून, बाजूनं, तिरपे पडू लागले, आणि नटाची खरी सावली एका दिशेला तर खांबाची रंगवलेली सावली दुसऱ्या दिशेला, असा गोंधळ सुरू झाला. दुसरी पंचाईत अंतराची. लांब जाणारा रस्ता रंगवला आणि नट त्याच्या जवळ सरकला, तर त्याचं डोकं मागच्या घराच्या माडीला लागतं. म्हणून पात्रं पुढे रांगेत उभी राहून बोलायची. पदं म्हणायला ते ठीक. पण १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं तेव्हा माणसं खोलीतल्यासारखी बोलणार होती. त्यांना खरं दार, खऱ्या खुर्च्या, तीन भिंतींची खोली लागली.

रंगवलेला भ्रम वाईट असं मी म्हणणारच नाही. पणजीला चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या कला अकादमीच्या नाट्यगृहात मारिओ मिरांडांनी भिंतींवर सज्जात बसलेले जुन्या काळचे प्रेक्षक रंगवले, ते मला कितीतरी वेळ खरे वाटले होते. ते साधतं, कारण त्यांच्या शेजारी जाऊन कुणी नट उभा राहत नाही.

आता तुमचे ठोकळे. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर ठोकळेही नव्हते. ब्राह्मणांची रांग हीच भिंत. ती डुलायची, फाकायची, मिटायची. पाठमोरी झाली की पडदा, वळली की पुणं. तेंडुलकरांच्या संहितेत ती होती आणि जब्बार पटेलांनी ती गाती-नाचती केली. लाकडाची भिंत एवढं काम करू शकली नसती. त्याही आधीचं उदाहरण हवं असेल तर कुडाळ-सावंतवाडीकडे दशावतार पाहा. मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, त्याच बाकड्यावर चढून कुणी हाक मारली की डोंगर. त्या बाकड्याला कुणी प्रायोगिक म्हणत नाही.

तेव्हा ठोकळा पाहिलात की एवढंच बघा : नटानं हात लावल्यावर त्याचं काहीतरी झालं का? सुरुवातीला ठोकळा, मध्यंतरात ठोकळा आणि शेवटी नमस्काराला ठोकळाच, तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी. अशा नाटकांना मीही बसलेली आहे.

आणि रंगवलेले पडदे संपलेले नाहीत. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजकडे जा. झाडीपट्टीच्या नाटकांत अजून पडदे बदलतात आणि नाटक रात्रभर चालतं. स्वेटर न्या.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत चाळीतली खोली, रेल्वे स्टेशन आणि हॉस्पिटल अशी तीन ठिकाणं आहेत. स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात. वर्गणी काढून चार हजार रुपये जमलेत. काय करता येईल?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव

उत्तर : चार हजार पुष्कळ झाले. त्यातले काही परत घेऊन येण्याजाण्याच्या खर्चाला ठेवा.

पहिलं काम बिनपैशाचं. संहिता घ्या आणि प्रत्येक एंट्री-एक्झिटपुढे लिहा : कोण, कुठून, का. चाळीच्या खोलीत बाप बाहेरून येतो आणि मुलगी आतून, हे ठरलं की दाराची जागा ठरली. मग कॉलेजच्या एखाद्या वर्गातले बाक बाजूला करून, स्पर्धेच्या रंगमंचाचं माप आयोजकांकडून मागवून, जमिनीवर खडूनं किंवा चिकटपट्टीनं आखा. यालाच आम्ही मार्किंग म्हणतो. पहिल्या तालमीपासून याच आखणीवर वावरा. पुष्कळ संघ मोकळ्या वर्गात महिनाभर तालीम करतात आणि सेटशी त्यांची पहिली भेट रंगीत तालमीला होते. मग दिसतं की बाप दारातून येऊन खाटेला वळसा घालेपर्यंत त्याची दोन वाक्यं संपलेली असतात.

आता सामान. प्लायचे चार खोके करा, प्रत्येकाच्या बाजू बारा, पंधरा आणि अठरा इंच. म्हणजे खोका ज्या बाजूवर ठेवाल त्याप्रमाणे उंची बदलते. अठरा म्हणजे खुर्ची, बारा म्हणजे पायरी किंवा पाट. चार ओळीनं लावले की स्टेशनचं बाकडं, अंतर थोडं वाढवून वर फळी टाकली की हॉस्पिटलची खाट. बाजूंना हात जाईल एवढी भोकं पाडा, म्हणजे अंधारात उचलताना बोटं चेंगरणार नाहीत. तळाला जुनं कांबळं किंवा जाड कापड चिकटवा, नाहीतर ब्लॅकआउटमध्ये धाडधाड आवाज येतो आणि परीक्षक वहीत काहीतरी लिहितात.

रंग मळखाऊ द्या, राखाडी-तपकिरी असा. पांढरा अजिबात नको. पांढरा ठोकळा सगळा उजेड स्वतःकडे ओढतो आणि नटाचा चेहरा काळवंडतो. काळाही नको, मागच्या काळ्या पडद्यात बुडून जाईल.

ठिकाण सांगायला प्रत्येकी एकच वस्तू घ्या. चाळीला दोरीवर वाळत घातलेले कपडे. हॉस्पिटलला सलाइनचा स्टँड. स्टेशनला मी काहीच ठेवणार नाही. स्टेशनवर माणसं एकाच दिशेला मान लांब करून गाडी येते का बघत असतात. तुमच्या चार मुलांनी ते नीट केलं की रूळ दिसतात. आणि हो, ‘चाळ’ असा बोर्ड लावू नका. दरवर्षी कुणीतरी लावतं.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात गडाचं प्रवेशद्वार करायचं आहे. दरवर्षी थर्माकोल आणायचो. सोपा दुसरा मार्ग सांगाल का?
– कलाशिक्षिका, चिपळूण

उत्तर : थर्माकोल सोडलात हे फार बरं केलंत. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८पासून राज्यात बंदी आहे, पण बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. तो पेटतो झटकन, वितळून ठिबकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळात १९१५मध्ये उभं राहिलेलं, ऑगस्ट २०२४मध्ये आगीत सापडलं तेव्हा आम्ही रंगभूमीवरची माणसं किती वेळ टीव्हीपुढून उठलो नव्हतो. लाकूड, कापड, रंग आणि तापलेले दिवे, आमचं सगळं आयुष्यच जळाऊ सामानात जातं.

लाकडी पट्ट्यांची किंवा बांबूची चौकट करा. तिच्यावर मांजरपाट ताणून खिळवा. खळ किंवा पातळ सरस मारून वाळू द्या, कापड ढोलक्यासारखं ताठ होतं. त्यावर डिस्टेंपर. प्रत्येक दगड रेखू नका, मागच्या रांगेतल्या आजीला ती रांगोळी वाटेल. तीन छटा पुरेत : एक सगळीकडे, एक गडद सांध्यांसाठी, एक फिकट, जिथून उजेड येणार त्या बाजूच्या कडांना. शेवटी ब्रश झटकून शिंतोडे उडवा. हे काम मुलांना द्या, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

गड कोणता ते आधी ठरवा. रायगडाचा दगड काळा, तुमच्याकडचा जांभा तांबडा. तांबडा रंग निळ्या उजेडात काळपट पडतो, म्हणून रात्रीचा प्रवेश असेल तर तो रंग तुमच्याच दिव्याखाली तपासून घ्या. शक्य असेल तर मुलांना एक दिवस गोवळकोटावर न्या आणि दगडावर हात फिरवायला सांगा.

हॅलोजन कापडापासून लांब ठेवा. आणि त्या प्रवेशद्वारातून भाला धरलेला मावळा न वाकता आत येतो का, हे रंगवण्याआधी पाहा.

प्रश्न : मी वास्तुशास्त्र (आर्किटेक्चर) शिकतो. आमच्या नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक म्हणतात, आता सेट नको, मागे मोठा एलईडी पडदा लावू, हवं ते ठिकाण दाखवता येतं. तुमचं मत?
– विद्यार्थी, नागपूर

उत्तर : दिग्दर्शकांना विचारा, त्या पडद्यापुढे नटाचा चेहरा दिसणार कसा? एलईडी पडदा स्वतःच उजेड फेकतो. त्याला पुरून उरेल इतका उजेड पुढून टाकावा लागतो, नाहीतर माणूस नुसती काळी आकृती. शिवाय माणसाची नजर हलत्या गोष्टीकडे जाते. मागे समुद्र हलत असेल तर पुढे आईचं निधन झालं तरी लोक लाटा बघतात.

ही काही नवी करामत नव्हे. प्रागचे नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा यांनी १९५८च्या ब्रसेल्स प्रदर्शनात ‘लॅटर्ना मागिका’मध्ये चित्रफीत आणि जिवंत नट एकत्र खेळवले होते. तिथे पडदा नटाशी खेळत होता. आपल्याकडे बहुतेक वेळा तो महागडं वॉलपेपर असतो.

यंत्राला माझा विरोध नाही. ‘तो मी नव्हेच’ १९६२मध्ये फिरत्या रंगमंचावर आलं, कारण अत्र्यांच्या त्या नाटकाची गरजच तशी होती. एका माणसाची अनेक सोंगं, कोर्ट आणि साक्षीतून उघडणारी एकेक घरं. काळोख करून सामान बदलत बसले असते तर लखोबा तेवढ्यात लोकांच्या तावडीतून सुटला असता. नाटकानं यंत्र मागितलं पाहिजे.

तुम्हाला एक वेगळंच सांगते. वास्तुशास्त्राची मुलं प्लॅन उत्तम काढतात, पण घर राहण्यासाठी काढतात. तुमच्या प्लॅनवर नटांच्या वाटा रंगीत पेन्सिलीनं काढा, पात्रागणिक वेगळा रंग. जिथे एकही रेघ जात नाही तो कोपरा पुसून टाका. मग छोटी प्रतिकृती करा, पुठ्ठ्याची, आणि तीत त्याच मापाचा माणूस उभा करा. माणसाशिवायची प्रतिकृती मी बघत नाही.

प्रश्न : आमचं मंडळ एका शाळेच्या सभागृहात मराठी नाटक करतं. यंदा कोकणातलं घर आहे, पडवीत झोपाळा हवाच. सेटचं सामान भारतातून मागवावं का?
– मंडळाची कार्यकर्ती, न्यू जर्सी

उत्तर : लाकूड मुळीच मागवू नका. चौकटी तिथल्याच दुकानातून आणलेल्या लाकडात करा. इथून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगांत पितळी तांब्या, सूप, रोवळी, भिंतीवरची घड्याळं असल्या हातात धरायच्या किंवा खुंटीला टांगायच्या वस्तू मागवा.

शाळेच्या रंगमंचावर खिळे ठोकू देत नाहीत, तेव्हा फ्लॅटला मागून तिरपा टेकू आणि टेकूवर वाळूच्या पिशव्या. कापड आणण्याआधी शाळेला विचारा, अग्निरोधक असल्याचं प्रमाणपत्र लागतं का. नंतर कळलं तर आयत्या वेळी सगळं सोडवायला लावतात.

झोपाळा वरच्या पाइपांना टांगायचा विचारही करू नका. लोखंडी स्टँडवरचा घ्या, पुढचे पाय पडवीच्या लाकडी खांबांत लपवा आणि मागे झोका जाईल एवढी जागा भिंतीपासून सोडा. तो तालमीला पहिल्या आठवड्यापासून आणा. ज्या बाई त्यावर बसणार त्यांचे पाय टेकतात का, झोका थांबवून वाक्य म्हणायचं की झोक्यातच, साडीचा काठ कुठे अडकतो, हे सगळं एखाद्याच्या गॅरेजमध्येच ठरू दे.